सात घरांची कौलं

छपराकडे बघायची खोड मला नोकरीने लावली. कुणाकडे वास्तुशांतीला गेलं की बाकीच्या बायका फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा बघतात, मी मान वर करून वासे बघते. परवा लेकीच्या सासरी गेले तेव्हाही तसंच झालं. व्याही म्हणाले, "ताई, आता रिटायर झालात. आमच्या घराचा पंचनामा नका करू." सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात त्यांच्या माजघराच्या कोपऱ्यात पाणी झिरपतंय हे मी पाहून घेतलं होतं, आणि जेवण झाल्यावर त्यांना सांगितलंसुद्धा.

तीसएक वर्षं मी तलाठी होते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबलं, पायपीट तेवढीच राहिली. माझं माहेर परभणीकडचं. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात लागला म्हणून मी बोईसरला आले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. सुक्या बोंबलांचा वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा पदर तोंडाला लावून मी नवऱ्याला म्हटलं होतं, की मला परत सोडून या. पुढे निम्मी नोकरी त्याच वासात गेली. आता घरात बोंबलाची चटणी नसेल तर माझीच चिडचिड होते.

तलाठी म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. पण आमची खरी परीक्षा असते ती वादळ, पूर, आग येऊन गेल्यावर. सरकार मदत जाहीर करतं, पण कुणाचं काय गेलं हे मुंबईत बसून सरकारला दिसत नाही. ते बघायला आम्ही जातो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं गावात फिरतात, टेप लावतात, फोटो काढतात आणि गावातल्या दोन पंचांसमोर लिहून घेतात. यालाच पंचनामा म्हणतात. फॉर्मला रकाने असतात. घर पूर्ण पडलं की अंशतः, बोट फुटली की बुडाली, जाळी किती गेली, गुरं किती मेली. ज्या नुकसानीला रकाना आहे त्यालाच मदत आहे. बाकीचं नुकसान नुकसान नसतं असं नाही, पण ते कागदावर कुठे लिहायचं हे कुणी सांगत नाही.

माझ्या पहिल्या मंडळ अधिकाऱ्यांनी मला एकच नियम शिकवला होता. डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, कानावर येईल ते नाही. नियम चांगला आहे. तो नसता तर लोकांनी मला विकून खाल्लं असतं. मनोरला हायवेलगत एक दुकानदार होते. दर पुरानंतर ते मला तांदळाचं भिजलेलं पोतं दाखवायचे. तिसऱ्या वर्षी मी पोत्याला हात लावला तर आतला तांदूळ वाळून दगड झालेला. मी म्हटलं, "शेठ, या पोत्याची सर्व्हिस आता माझ्याएवढी झाली." त्यांनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता चहा मागवला.

उलट तऱ्हाही असायची. माकुणसारला एका आजोबांची केळीची बाग वाऱ्याने लोळवली. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तर सगळी झाडं बांबूचे टेकू देऊन उभी. खोडं मोडलेली, पानं सुकायला लागलेली, पण रांगा सरळ. मी विचारलं, "आजोबा, मेलेली झाडं उभी का केलीत?" ते म्हणाले, "आडवी बघवत नाय." त्यांचं मला लिहिता आलं, कारण मोडलेलं खोड डोळ्यांना दिसत होतं. नुकसान मिरवणारा माणूस लगेच ओळखू येतो. नुकसान लपवणारा ओळखायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि तरी एकदा मी चुकलेच.

ते चक्रीवादळ मे महिन्यात आलं. गाव घिवलीच्या अंगाला, किनाऱ्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. वादळाची सूचना आधी मिळाली होती, त्यामुळे बोटी ओढून वर घेतल्या होत्या आणि माणसं शाळेत हलवली होती. जीव कुणाचा गेला नाही. पण सुरूची झाडं रस्त्यावर आडवी पडली, विजेचे खांब मोडले. त्या गावातून अणुशक्ती केंद्राच्या इमारती दिसतात. जिथे वीज तयार होते ती जागा डोळ्यांसमोर आणि घरात मात्र मेणबत्ती, यावर गावात बरेच विनोद झाले. वैतागलेली माणसं विनोद करायला लागली की मला बरं वाटतं, कारण मग ती आमच्या अंगावर येत नाहीत.

रस्ता मोकळा होऊन आम्ही गावात पोचलो तो चौथा दिवस होता. किनाऱ्यावरच्या वलांड्या सपाट झाल्या होत्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूंचे मांडव. बायकांचा सगळा धंदा त्यावर चालतो. फॉर्ममध्ये वलांडीला रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, वर कळवलं, तोंडी सांगितलं. त्याचं काही झालं नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

पहिल्याच घरात भास्कर भेटला. भास्करला तालुक्याच्या कचेरीत सगळे ओळखत, कारण तो अर्ज करायचा. रेशनबद्दल, रस्त्याबद्दल, जेट्टीवरच्या दिव्याबद्दल. मी टेप काढली, तर त्याने आपली टेप काढली. म्हणाला, "तुमची टेप सरकारी हाय मॅडम, ती आकडत आसंल." छपराचा मोठा तुकडा उघडा होता. मी लिहिलेला आकडा त्याला कमी वाटला. तीन दिवस आम्ही त्या गावात होतो आणि तिन्ही दिवस तो मला गाठून भांडला. "माजं पुरतं लिवा" हे त्याचं पालुपद. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, "भास्करभाऊ, तुमच्या घराला दुसरं वादळ आणू का?"

दोन पंचांपैकी एक होते धर्मा तांडेल. वय झालेलं, आवाज खणखणीत, गावात शब्दाला मान. त्यांच्याही घराचं छप्पर अर्धं उघडं होतं आणि त्यावर निळी ताडपत्री बांधली होती.

ओळीने घरं करत आम्ही हिराबायच्या दारात आलो. हिराबाय विधवा, साठीच्या पुढची. मुलगी लग्न होऊन डहाणूकडे, घरात एकटी. बोंबील विकत घ्यायचे, वाळवायचे, बोईसरच्या बाजारात विकायचे, हा तिचा उद्योग. तिचं घर खणखणीत उभं होतं. छपरावर एकही भोक नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, "माजं काय नाय गेलं बाई. फुडं जावा, त्या विठ्ठलचं बगा, त्याची बोट फुटलीय."

मी धर्मा तांडेलांकडे पाहिलं. "काका, घर शाबूत आहे ना?"

"शाबूत हाय," ते म्हणाले.

मी फोटो काढला. रकान्यात लिहिलं, नुकसान निरंक. हिराबायने अंगठा दिला, पंचांनी सही केली, मी सही केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. अशी घरं पटकन होतात म्हणून आम्हाला आवडतात, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं उन्हाने भणभणायला लागलं. अख्ख्या आळीत पूर्ण सावली एकाच घरात होती. हिराबायने मला आत बोलावलं, पडवीत चटई टाकली, माठातलं पाणी दिलं. म्हणाली, "पडा जरा. तोंड बगा कसं झालंय." मी आडवी झाले आणि खोडीप्रमाणे वर बघितलं.

मंगळुरी कौलांच्या खालच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो. घर बांधताना माणूस एकाच ठिकाणची कौलं आणतो, त्यामुळे घरभर एकच छाप दिसतो. इथे माझ्या डोक्यावर एका कौलावर कमळ होतं, शेजारच्यावर घोडा, त्यापुढे नुसते आकडे. काही कौलं चुना लावलेली होती. आणि काही धुराने काळीकुट्ट होती. बराच वेळ मी त्या काळ्या कौलांकडे बघत राहिले. पडवीत चूल कधी पेटत नाही. मग पडवीवरची कौलं काळी कशी?

मी उठून बसले. "मावशी, तुमची चूल कुठे आहे?"

"मागं हाय. का?"

"ही कौलं कोणाची?"

हिराबाय पाणी भरायच्या निमित्ताने उठून आत गेली. ती आत गेली तेव्हाच मला उत्तर मिळालं होतं.

मी तरातरा धर्मा तांडेलांच्या घरी गेले. ते जाळं विणत बसले होते. मी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं. हिराबायचं छप्पर पहिल्याच झोतात गेलं होतं. वासे राहिले, कौलं एकूण एक फुटली. वारा थांबल्यावर दुसऱ्या दिवशी गाव कामाला लागलं. त्या गावाची पद्धत अशी, की ज्या घरात छपरावर चढायला पुरुष नाही, त्या घराचं छप्पर आधी शाकारायचं. नवी कौलं कुठून आणणार? रस्ते बंद. मग शेजारच्या सात घरांनी आपापल्या छपरावरची वाचलेली कौलं उतरवली आणि हिराबायच्या घरावर चढवली. स्वतःच्या घरांवर ताडपत्र्या बांधल्या.

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता, "तुम्ही पंच होता. माझ्यासमोर सही केलीत. घर शाबूत आहे म्हणालात."

"तुमी इचारलं, शाबूत हाय का. हाय म्हटलं. आमीच तर केलंय." ते खरोखर गोंधळले होते. "दर्यात कुनाची बोट बंद पडली तर तिला दोर लावून आनतात. बंदरात आल्यावर कोन म्हनतो ती बुडाली?"

मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला. जिचं घर गावाने उभं केलं होतं, तीच बाई सगळ्यांत गरीब होती, आणि माझ्या कागदात तिचंच काही गेलं नव्हतं. माझा नियम, माझी टेप, जागा आणि वेळ छापणारा माझा फोटो, सगळे मिळून खोटं सांगत होते. यापूर्वी किती गावांत मी असं पाच मिनिटांत निरंक लिहून आले असेन, हा विचार त्या दिवशी आला तो आजही गेलेला नाही.

यादी वर जायला दोन दिवस होते. हिराबायचं नाव त्यात नसेल तर नंतर ते घालणं जवळपास अशक्य. तिची वलांडी गेली होती, त्याला रकाना नव्हता. पुढचे चार महिने पाऊस, धंदा बंद. घराची अंशतः नुकसानीची मदत, एवढाच तिचा हक्क उरला होता आणि तो मी माझ्या सहीने पुसला होता.

मी तिच्याकडे परत गेले. तिचा जबाब लागणार होता. ती ऐकेना.

"गाव चढलं माज्या छपरावर," ती म्हणाली. "भास्कर सोता वर होता, पाय कापत होते त्याचे. आनि आता मी सरकारला सांगू, माजं घर मोडलंय? मग त्यांनी केलं ते काय?"

मी पुष्कळ समजावलं. हक्क, नियम, शासन निर्णय, सगळं सांगून झालं. शेवटी मी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही काही मागू नका. मदत शब्द उच्चारू नका. मला एकच खरं सांगा. वारा थांबल्यावर तुम्ही शाळेतून घरी आलात, आत उभ्या राहिलात आणि वर बघितलंत. काय दिसलं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आभाळ," ती म्हणाली.

मी तेवढंच लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. मग आपल्याच पंचनाम्याविरुद्ध अहवाल लिहायला बसले. माझा पहिला पंचनामा चुकीचा आहे, मी छप्पर आतून पाहिलं नाही, फेरतपासणी व्हावी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ग्रामसेवक माझ्या मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हटलं, "पाय माझाच आहे ना?" आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार आले. माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार, बोलायला तिखट. दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाले, "दोन्हीवर सही तुमचीच. यातलं खोटं कुठलं?"

"पहिलं. खोटं नाही सर, चुकीचं."

"पुरावा?"

"चटईवर आडवं व्हावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की उन्हाने माझं डोकं फिरलंय अशी त्यांची खात्री झाली असावी. पण ते झाले आडवे. इस्त्रीच्या शर्टासकट हिराबायच्या पडवीत पाठीवर पडले. धर्मा तांडेल काठी घेऊन उभे राहिले आणि एकेक कौल दाखवायला लागले. हे काळं, भास्करच्या सैपाकघरावरचं. हा घोडा माजा. हे चुन्याचं विठ्ठलचं. मग आम्ही सातही घरांत जाऊन उरलेली कौलं खालून पाहिली. छाप जुळले, काजळी जुळली. साहेबांनी स्वतः मोजणी केली. हे सगळं होईपर्यंत दुपार कलली. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी पाठीवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "मॅडम, हिराबाईंचं सिद्ध झालं. पण मग या सात घरांचं काय? यांच्या पंचनाम्यात तुम्ही जेवढं छप्पर उघडं लिहिलंय, त्यातलं काही वाऱ्याने नेलेलं नाही, यांनी स्वतः उतरवलंय. एक कौल दोन घरांवरून उडू शकत नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. छपराचा ठरावीक हिस्सा गेला असेल तरच अंशतः नुकसान धरतात. उतरवलेली कौलं वजा केली तर सातांपैकी चार घरं तरीही बसत होती. तीन घरं बाहेर पडत होती. भास्कर, विठ्ठल आणि स्वतः धर्मा तांडेल.

साहेब वाईट माणूस नव्हते. गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली आणि हळू म्हणाले, "उद्या अकरापर्यंत कळवा. आहे तसं ठेवलं तर कुणाचं काही जात नाही. एकच नाव निरंक राहतं, तसं ते आताही आहे." गाडी गेली. त्यांनी मला सोपी वाट दाखवली होती आणि त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. एका बाईसाठी तीन घरांच्या तोंडचं काढायचं का, असा सरळ प्रश्न होता. आणि मला आता सगळं माहीत झालं होतं, ते माहीत नसल्यासारखं करता येत नव्हतं.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मी त्या तिघांना बोलावलं. हिराबायला कळू दिलं नाही. मी जे होतं ते सांगितलं, काही गोड केलं नाही. हेही सांगितलं, की तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

धर्मा तांडेलांनी लगेच हात हलवला. "माजं काढा. माजे दोन पोरगे कमावतात."

विठ्ठल खाली बघत राहिला. त्याची बोट फुटलेली, बाप अंथरुणाला खिळलेला.  त्याने विचारलं, "बोटीचं ऱ्हाईल ना?"

"बोटीचा पंचनामा वेगळा. तो राहील."

"मंग घराचं काढा."

उरला भास्कर. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तीन दिवस ज्या माणसाने इंचाइंचासाठी माझ्याशी वाद घातला, त्याला मी घरच यादीतून काढ म्हणत होते. त्याने खिशातून आपली टेप काढली, उगाच थोडी ओढली, परत आत जाऊ दिली.

"मॅडम, मी तुमच्याशी भांडलो. माजं पुरतं लिवा म्हनून."

"हो."

"आता पुरतं लिवा. वाऱ्यानं नेलं तेवडंच."

मला तिथेच रडू आलं. सरकारी बाईने गावात रडू नये असं माझं मत आहे, पण आलं. भास्कर अवघडला आणि जेट्टीवरच्या दिव्याचं काय झालं म्हणून विचारायला लागला. नंतर तिघांनी एकच गोष्ट मागितली, की हे हिराबायला सांगायचं नाही.

हिराबायचं नाव यादीत चढलं. मला कारणे दाखवा नोटीस आली, मी खुलासा दिला, आणि सेवापुस्तकात ताकिदीची नोंद झाली. "पंचनामा करताना पुरेशी दक्षता घेतली नाही." नोंद बरोबर आहे. निरोपसमारंभात एकाने माझ्या निष्कलंक सेवेबद्दल बरंच भाषण केलं तेव्हा मला हसू आवरेना. ती एक ओळ माझ्या पुस्तकातली सगळ्यात चांगली ओळ आहे असं मला वाटतं, आणि हे मी आजवर कचेरीत कुणाला सांगितलं नाही.

गावात काही लपत नाही. यादी पंचायतीच्या भिंतीवर लागते, चार बायका वाचतात. पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस हिराबाय भिजत बोईसरला माझ्या कचेरीत आली. ओली छत्री दाराशी ठेवून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "तीन नावं माज्यामुळं गेली?"

"वादळामुळं गेली मावशी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. खुर्ची दिली ती घेतली नाही. चहा घेतला नाही. छत्री उचलली आणि गेली. मला वाटलं, ही बाई आता माझ्याशी कधी बोलणार नाही.

मदत आली ती पावसाळ्याच्या शेवटी. त्या चार महिन्यांत भास्करचं घर ताडपत्रीखाली गळत होतं. मी एकदा त्या बाजूला गेले तेव्हा त्याने पातेली कुठे कुठे ठेवली आहेत ते दाखवलं आणि जेट्टीच्या दिव्याचा नवा अर्ज माझ्या हातात दिला. वलांड्या मात्र बायकांनी पाऊस संपायच्या आत परत उभ्या केल्या. सरकारी रकान्याची वाट कुणी पाहिली नाही. एका दिवशी एकीची, दुसऱ्या दिवशी दुसरीची, सगळ्याजणी मिळून. बांबू वाहताना त्यांच्या गप्पा इतक्या जोरात चालल्या होत्या, की मी काय विचारत होते ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर हिराबायचा निरोप आला. "बाईंना बोलवा. टेप नको, कागद आना."

मी गेले तर घरावर माणसं चढलेली. तिने मदतीचे पैसे आणि नव्या हंगामातल्या बोंबलांची कमाई घालून पत्रे आणले होते. जुनी कौलं एकेक करून खाली उतरत होती. हिराबाय अंगणात उभी राहून प्रत्येक कौल हातात घेत होती, पालथं करून बघत होती आणि सातांपैकी एका ढिगात ठेवत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठलं कौल कुणाचं हे तिला धर्मा तांडेलांपेक्षा जास्त ठाऊक होतं. सहा महिने रोज झोपताना तिने त्याच कौलांकडे पाहिलं होतं. भास्करचा ढीग सगळ्यांत आधी पूर्ण केला आणि त्याला हाक मारली. तो म्हणाला, "आगं ऱ्हाऊ दे की, घाई काय हाय?" ती म्हणाली, "तुज्या पोरांच्या आंगावर पानी पडलंय. उचल."

संध्याकाळपर्यंत सात ढीग सात घरी गेले. जी फुटली होती त्यांच्या बदली तिने बाजारातून जुनी कौलं शोधून आणली होती. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"बाई, गावानं कौलं दिली आसं तुमी सरकारी कागदावर लिवलंत. आता परत केली ते बी लिवा."

मी म्हटलं, "मावशी, असा काही फॉर्म नसतो."

"साद्या कागदावर लिवा."

मी तिच्या पायरीवर बसले. पंच म्हणून धर्मा तांडेल आणि भास्कर. नेहमीसारखंच लिहिलं. समक्ष हजर राहून पाहणी केली, सात घरांची कौलं ज्याची त्यास पोचली, कुणाची तक्रार नाही. मोठ्याने वाचून दाखवलं. पंचांनी सह्या केल्या. अंगठ्यासाठी मी शाईचा पॅड पुढे केला, तर हिराबायने हात मागे घेतला.

"आजून एक लिवा."

"काय लिहू?"

तिने अंगणात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. कुणी घाम पुसत होतं, कुणी शिडी काढत होतं.

"लिवा, की फकस्त कौलं परत केली," ती म्हणाली. "फिटलं आसं नाय."

मी तसंच लिहिलं. मग तिने अंगठा दिला.